एक जूनचा संशय

आमच्या शेजारचा माऊली पुण्याची नोकरी सोडून वडगाव रासाईला परत आला, तेव्हा गावाला वाटलं, पोरगा आता शेती करणार. पोरानं गोठ्याशेजारच्या खोलीत टेबल टाकलं, मानेला टेकू असलेली फिरती खुर्ची आणली आणि जाहीर केलं, की अ‍ॅप बनवतोय. झेंडू-शेवंतीवाल्या आमच्या गटानं त्यात नावं नोंदवायची, मग मार्केटला जाणारी गाडी आपोआप ठरणार. गटानं हो म्हटलं तर माऊली गावात, नाहीतर परत पुण्याला, हे त्याच्या बायकोनं, अंकितानं, आधीच सुनावलं होतं.

नुसतं अ‍ॅप असतं तर मी तोंड आवरलं असतं. पण हा म्हणे 'फंक्शनल' भाषेत लिहीत होता, आणि गर्व असा, की बाकीचे प्रोग्रामर जणू स्वतःच्या खांद्यावर औत ओढतात.

"काका, फंक्शन म्हंजी प्रोग्रामचा बारका तुकडा. एक फंक्शन, एकच काम," सकाळी माझाच चहा पिऊन तो मलाच शिकवायचा. "मोबाइल तपासणारं नावाकडं बघणार न्हाई. बाहेरच्या कशाला हात लावणार न्हाई. तेच आत टाकलं की तेच उत्तर, कवाबी. बरोबर असंल तर माल पुढच्या फंक्शनकडं, चूक दिसली की तिथंच थांबायचं."

"म्हंजी कचेरीच्या खिडकीसारखं. आज फोटो न्हाई म्हणून घरी, उद्या झेरॉक्स न्हाई म्हणून घरी. सगळं एकदाच सांगायला जीभ झडती का रं?"

"तुमाला न्हाई कळायचं. कचरा आत येऊच द्यायचा नसतो."

रविवारी मारुतीच्या पारावर गट जमला. पहिला मान अध्यक्षांना, म्हणजे माऊलीच्याच वडिलांना, बबनरावांना. त्यांनी मोबाइल नंबर टाकला, आपण सांगतो तसा मधे जागा सोडून. लाल अक्षरं आली. जागा काढली. मग जमिनीच्या गट नंबरातली तिरपी रेघ नडली. आता रेघ काढली तर नंबर बदलून दुसऱ्याचं रान आपलं होतंय, तरी बिचाऱ्यांनी काढली. मग जन्मतारीख: एक जून.

'संशयास्पद तारीख.'

आमच्याकडं पोर शाळेत घालायला नेलं, की जन्म कधीचा हे कुणाला आठवायचं नाही, आणि गुरुजी एक जून टाकून मोकळे व्हायचे. निम्मं गाव एक जूनचं. माऊलीला हे ठाऊक नव्हतं असं नाही. वाढदिवस फेसबुकवर करणारा माणूस तो, विसरला.

"चाचणीला किती जणांनी तीच तारीख टाकली, आबा," तो म्हणाला. "मला वाटलं, कायतरी भरायचं म्हणून भरलं. म्हणून अडवणारं फंक्शन लिवलं."

"माझी बी एक जूनच हाय," गटातल्या शेवंताबाई म्हणाल्या. "मला पोलिसात देतो का काय?"

बबनरावांनी एकचा दोन केला. लगेच हिरवी खूण आली आणि वर 'स्वागत आहे' असंही आलं.

"कागदावरचं सांगितलं तवा हाकललं," बबनराव म्हणाले, "मनचं सांगितल्यावर स्वागत."

"आबा, माझ्या सगळ्या टेस्ट पास हायत."

"असतील की. पेपर तूच काढला, तूच सोडवला."

हसू दाबायला मी उपरण्याचं टोक तोंडात घातलं. माऊली म्हणाला, ते फंक्शन आत्ता उडवतो, दोन मिनिटांचं काम. लॅपटॉप उघडलासुद्धा. बबनरावांनी पोराकडं एकदा पाहिलं. मग अध्यक्षाच्या आवाजात म्हणाले, "गट नंबर दुसऱ्याचा घेतो, तारीख खोटी घेतो. उद्या ह्यात कुणाची फुलं कुणाच्या नावानं जातील? ज्यांना पायजे त्यांनी हात वर करा."

एकही हात उठला नाही. अध्यक्षांचाही नाही. त्यांनी फोन काढून जुन्या टेम्पोवाल्याला सांगितलं, "उद्या पहाटं ये बाबा, नेहमीसारखा." माऊलीच्या बोटांची खाटखूट तेवढी चालू होती, आणि पाराशेजारी उभी अंकिता मोबाइलमधे पुण्याच्या खोलीवाल्याचा नंबर शोधत होती.