दुखानच्या मेसमधलं लाल सरकार

आखातातल्या दुखानच्या तेल-कॅम्पातून मी एक सूटकेस आणि एक टेपरेकॉर्डर घेऊन परतलो. किस्से विमानात वजनाला धरत नाहीत म्हणून बरं, नाहीतर मला उतरवूनच ठेवलं असतं!

अठ्ठ्याहत्तरच्या सुमारास आमच्या मेस कमिटीचा अध्यक्ष म्हणून चिपळूणचा वेल्डर सावंत निवडून आला. मुंबईच्या गिरणीत युनियन केलेला माणूस. पहिल्याच दिवशी त्याने फोरमन लोकांचं टेबलक्लॉथवालं वेगळं टेबल काढून टाकलं. पुण्याचे फोरमन कुलकर्णी ताट घेऊन रांगेत!

"सावंत, हे काय?"

"लाल सरकार आलंय, साहेब. यल्ला, पुढे सरका!"

*

मग जेवणावरून पेटलं. केरळवाल्यांना मच्छी, देशावरच्यांना भाकरी, आणि दोघांनाही दुसऱ्याचं नको. सावंतने फतवा काढला, "ज्याचा पदार्थ, त्याने करायचा नाही!"

केरळच्या कुरियनने थापलेली पहिली भाकरी सोलापूरच्या माने ड्रायव्हरने वाजवून बघितली. "ही चाकाखाली लावतो. गाडी उतारावरनं हलायची न्हाई!"

आम्ही केलेली मच्छी कुरियनने चाखली. "सांबार अच्छा है. मछली बाद में आएगा?"

तरी दोघांनी पातेली चाटूनपुसून साफ केली.

*

दर शुक्रवारी ती पातेली अध्यक्षाने घासायची, हाही सावंतचाच कायदा. कुलकर्णी म्हणायचे, "नाटकं आहेत सगळी!"

एकदा सावंत तापाने फणफणला, तरी मोरीत उभा. कुलकर्णी बाह्या सरसावून आले.

"हो बाजूला. रांगेत उभं केलंसच, आता मोरीतही उभा राहतो."

*

आणि मग कोणीतरी ऑफिसात कान फुंकले, कॅम्पात युनियन आहे म्हणून. युनियन म्हणजे पुढच्या विमानाने घरी, खलास! सावंतच्या दोन बहिणींची लग्नं व्हायची होती.

शुक्रवारीच सिक्युरिटीचा नवा इंग्रज साहेब मेसमध्ये आला. "हू इज द लीडर हिअर?"

सगळे कुलकर्ण्यांकडे बघायला लागले. टेबल त्यांचंच गेलं होतं ना!

कुलकर्णी शांतपणे भात कालवत म्हणाले, "सर, लीडर्स डोन्ट ईट विथ अस."

साहेबाला ते लगेच पटलं. आम्ही हुश्श केलं. पण जाता जाता तो मोरीपाशी थांबला. आत सावंत कोपरापर्यंत साबणात. साहेब त्याला म्हणाला, "तू सगळ्यांना बघतोस. लीडर दिसला की मला येऊन सांग."

सावंतने पातेलं पालथं घातलं, हात पुसले.

"इन्शाल्ला, सर!"