नवसाची दाढी आणि नाकातली वेसण

माझ्या मेव्हण्याच्या डाव्या भुवईवर एक व्रण आहे. तो माझ्यामुळे पडला, आणि हे मी विसरू नये म्हणून माझ्याशी बोलताना तो नेमकी तीच भुवई वर करतो. बोलतो मात्र अदबीने. बहिणीचा नवरा म्हणून ‘भावजी’ म्हणतो, ‘तुमी’ म्हणतो. त्या ‘भावजी’त कोळंबीच्या डोक्यावर असतो तसा काटा असतो.

आमचा दोघांत एक टेम्पो होता. मालवणच्या बंदरावर मासळी भरायची, वर बर्फ टाकायचा आणि गोव्याच्या बाजारात न्यायची. चालवायचो मी. मेव्हणा बाजूला बसून मी कसा वाईट चालवतो ते सांगायचा. दोन हजार सहा-सातच्या सुमाराची गोष्ट. मला तेव्हा कुठेही झोप लागायची: न्हाव्याच्या खुर्चीत, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर बायको माझ्याशी भांडत असताना. तिने अजून माफ केलेले नाही ते हेच.

गोव्याच्या हद्दीजवळ इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर रांग होती. पुढे चिऱ्यांचा ट्रक. काचेतून सकाळचे ऊन येत होते. ब्रेकवर पाय ठेवून मी क्षणभर डोळे मिटले. क्षणभरच; पण मेव्हणा सांगतो की मी असा घोरलो की नाक्यावरच्या पोलिसाने इंजिन बिघडले समजून बॉनेट उघडायला सांगितले. मग पाय सुटला आणि टेम्पो उतारावरून त्या ट्रकच्या ढुंगणात शिरला. मेव्हण्याचे कपाळ काचेवर, सुरमई आणि बांगडे रस्त्यावर.

टाके घालून आल्यावर त्याने टेम्पोची चावी स्वतःच्या करदोट्याला बांधली.

“भावजी, चावी आता हय. तुमी पैली झोपाक शिका, मगे गाडी चलवा.”

“माका काय झोप येत नाय?”

“येता. थंयच तर घोळ आसा.”

तो स्वतः चालवू लागला आणि मी बंदरावर बर्फ फोडू लागलो. मासे विकणाऱ्या बायकांना तर सणच झाला. “काय ओ डायवर, आज बर्फाक खयचो गियर टाकलास?” एवढी वर्षे ज्या हातांनी स्टेअरिंग धरले त्यात आता लाकडी मोगरी होती. मला चावी हवी होती. दुसरे काही नको होते.

घरात निदान झालेच होते: रात्री माझ्या छातीवर काहीतरी येऊन बसते. कारण घोरता घोरता माझा श्वास बंद पडायचा आणि मग बुडणारा माणूस वर यावा तसा मी हाऽ करून उसळायचो. बायको पडवीत झोपायला गेली होती. तिथूनही मधूनच उठून मला बघून जायची. मला वाटे, माया. ती म्हणाली, “मेलास तर लोक पैली माकाच इचारतले.”

म्हणून देवळात गाऱ्हाणे घातले. गावकराने, म्हणजे गावच्या मानकऱ्याने, खड्या आवाजात देवाला सांगितले, लेकराच्या डोळ्यावरची झापड दूर कर, त्याच्या वाटेत आडवे येईल ते बाजूला कर. जमलेले सगळे दर वाक्याला “व्हय म्हाराजा” म्हणत होते. तेवढ्यावर थांबायचे ना! पण कोपऱ्यात मेव्हणा भुवई वर करून उभा दिसला आणि माझे डोके फिरले. मी मोठ्याने म्हणालो, “आणि चावी माझ्या हातात येयपर्यंत मी दाढी करूचंय नाय!” गावकराने ते तसेच गाऱ्हाण्यात ओवले. सगळे गरजले, “व्हय म्हाराजा!” सर्वांत मोठा आवाज मेव्हण्याचा.

देवाला सांगून झाल्यावर डॉक्टरला सांगितले. पणजीच्या डॉक्टरने अंगाला वायरी चिकटवून एक रात्र झोपवले आणि म्हणाला, “छातीवर कोणी बसत नाही. झोपेत तुमचा घसा मिटतो. तुम्ही रात्रभर झोपत नाही, गुदमरता. म्हणून दिवसा झोपता.” उपाय एक यंत्र: नळीतून सतत हवा दाबायची, म्हणजे घसा उघडा राहतो. आणि ते नीट चालू होईपर्यंत गाडी चालवायची नाही. डॉक्टरसुद्धा मेव्हण्याच्याच बाजूचा निघाला.

यंत्र एकच, पण तोंडावर लावायचे मास्क तऱ्हेतऱ्हेचे. पणजीतल्याच दुकानदाराने माझी वाढलेली दाढी बघितली आणि एक चिमुकले प्रकरण पुढे केले. रबराच्या दोन बोंडक्या, त्या नाकपुड्यांत टेकवायच्या, पट्टा डोक्यामागे. “दाढीवाल्यांना हाच घ्या. मोठा मास्क केसांवर बसत नाही, हवा गळते.”

मेव्हणा बाजूलाच उभा होता. म्हणाला, “घेवा भावजी. वेसण बैलाक शोभता तर तुमका कित्याक नाय?”

झाले. मी दुकानदाराला सुनावले की मी नांगराला जुंपलेला नाही, आणि नाक-तोंड झाकणारा मोठ्यात मोठा मास्क उचलला. मोठ्या मास्कात हवा जास्त मावणार, असाही एक विचार होता. दुकानदाराने कपाळाला हात लावला नाही, पण लावायला हवा होता.

घरी तो मास्क दाढीवर बसवला आणि यंत्र लावले. हवा गालांवरून फुर्रर्र करून बाहेर. पट्टे आवळले तर फुर्ररच्या जागी शिटी. सगळी हवा डोळ्यांत. आधी मी एकटा घोरत होतो, आता दोघे. त्यातून भारनियमन, वीज गेली की यंत्र गप्प आणि मी मास्कात माशासारखा. बायको पडवीतून ओरडली, “ओ, ता बंद करा! नायतर माका तरी बंद करा!”

कोंडी अशी: दाढी असेतो मास्क बसणार नाही, मास्क बसल्याशिवाय झोप नाही, झोपेशिवाय चावी नाही आणि चावीशिवाय दाढी काढता येत नाही. ही कोंडी मी स्वतः, कोणाचीही मदत न घेता बांधली होती.

बायको म्हणाली, “काढून टाका ती दाढी.”

“नवस आसा.”

“बोललास तेव्हा माका इचारलास?”

शेवटी देवाचाच कौल घ्यायचा ठरले. गुरवाने पाषाणाला दोन बाजूंना ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर दाढी काढायला परवानगी, डावी पडली तर नाही. कळ्या पडेनात. गाभाऱ्यासमोर गार, बाहेर समुद्राचा वारा, पाठीला खांब. पुढचे मला माहीत नाही.

मेव्हण्याने पायाने ढोसले तेव्हा जागा झालो. सगळे देवळातले माझ्याकडे बघत होते.

“भावजी, देवान सांगल्यान. तुमी घोरी होतास.”

“काय सांगल्यान?”

“डावी.”

मी गुरवाकडे बघितले. त्यानेही होकाराची मान डोलावली. “परत लाव,” म्हणालो, तर तो खेकसला, “देव काय तुझ्या उठण्याची वाट बघता?”

राहिली ती वेसण. तिच्यासाठी गोव्याला जायला मला मेव्हण्याच्याच शेजारी बसून जावे लागले. दुकानदाराने बोंडक्या दिल्या आणि झोपेत तोंड उघडू नये म्हणून हनुवटीखालून डोक्यावर बांधायचा पट्टाही दिला. त्या रात्री ते सगळे चढवून मी आडवा झालो तेव्हा बायको दारात उभी राहून बघत राहिली. “मड्याची हनुवटी बांधतत तशे दिसतास.”

तोंड बांधलेले होते. पण हवा गळली नाही, शिटी झाली नाही. सकाळी डोळे उघडले तर डोके हलके, शहाळ्यासारखे. थोड्या दिवसांनी बायको पडवीतून अंथरूण घेऊन आत आली. “हय पंखो बरो आसा,” एवढेच म्हणाली.

मेव्हण्याला एवढ्यावर पटेना. त्याने परीक्षा घेतली. कुडाळच्या बाजाराच्या दिवशी मला भात आणि बांगड्याचे तिखले पोटभर जेवायला घातले, काचा वर केलेल्या टेम्पोत बसवले आणि आपल्या जमिनीच्या दाव्याची हकिकत सुरू केली. पूर्वी सर्व्हे नंबर आला की मी झोपी गेलेला असायचो. त्या दिवशी आजोबांच्या वाटणीपासून वरच्या कोर्टातल्या तारखेपर्यंत सगळे ऐकले. वर विचारले, “चुलत्याच्या काजूच्या बागेचा काय झाला? ता सांगूक नाय तुमी.”

त्याची भुवई खाली आली. करदोट्याची गाठ सोडायला त्याला बराच वेळ लागला. मग चावी माझ्या हातात न देता त्याने मागच्या बर्फाच्या खोक्यात टाकली.

“घेवा.”

बर्फात कोपरापर्यंत हात घालून मी ती काढली आणि तसाच न्हाव्याकडे गेलो. खुर्चीत जागा राहिलो. न्हाव्याने दोनदा विचारले, बरे आहे ना.

अजून इन्सुलीला रांग लागली की मेव्हणा बाजूच्या सीटवरून भुवई वर करतो. “भावजी, जागे आसास मां?”

मी हॉर्न वाजवतो, चांगला लांब, त्याच्या कानात बसेल असा.