शेजारणीच्या माळवदावरच्या गारा

माझे अक्षर वेडेवाकडे आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला अजून जमत नाही, त्याची माफी असावी. चौथीनंतर पाटी सुटली. हे वाचणार कोणी नाही, तरी आधी सांगून टाकलेले बरे.

दुष्काळ सरल्यानंतरच्या एका वर्षी, शिमग्याच्या सुमारास, जुन्या जालन्यात लिंबाएवढ्या गारा पडल्या. आमचे घर माळवदाचे, वर मातीचे सपाट छत. पुढच्या खोलीत सरकी-पेंडीचे दुकान. हे तीर्थपुरीला गेले होते आणि दुकानाची किल्ली पहिल्यांदाच माझ्या कमरेला होती.

गारांनी पन्हाळी बुजल्या. वरचा थर वितळला की छत गळणार, सरकी कुजणार आणि किल्ली पुन्हा कधी माझ्याकडे येणार नाही, एवढे मला कळत होते. परक्या पुरुषाशी मी कधी बोलले नव्हते. तरी पदर ओढून गल्लीतल्या दोघा मजुरांना हाक मारली. त्यातला थोरला म्हणाला, "आठ रुपये पडतील बाई. अन् आधी द्या. गारा वितळल्यावर कोन देतंय?"

गल्ल्यातून काढून दिले. मग दिसले की त्यांच्याकडे फावडेसुद्धा नाही, नुसती फळी आणि घमेले. सासूबाई म्हणाल्या, "पळतेत बघ आता."

ते पळाले नाहीत. शिडीने वर चढले आणि सरळ शेजारणीच्या माळवदावर जाऊन गारा ढकलू लागले! तिचे छत आमच्याहून हातभर उंच. ती अंगणातच उभी होती. एकदा वर बघितले आणि आत गेली. हिनेच काहीतरी चारले असणार, असे माझ्या मनाने घेतले.

"मामा, आमचं इकडं हाय," मी खालून कसेबसे म्हटले.

"माहीत हाय. तिचं पानी तुमच्यावरच उतरतंय. आधी वरलं, मंग खालचं."

दिवेलागणीपर्यंत आमचेही छत मोकळे झाले. सरकी कोरडी राहिली. पण अर्धे काम तिचे झाले होते, आणि हे यायच्या आत ते चार रुपये गल्ल्यात यायला हवे होते. सासूबाई तिच्या दारात गेल्या.

"भाभी, तुमच्या गारा आमच्या पैशानं गेल्या."

"म्या कुठं बोलावलं? तुमच्यासाठीच काढल्या त्यांनी."

"मंग परत टाकू का वर?"

ती हसली. पैसे काही दिले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा आभाळ काळे झाले. तेच दोघे गल्लीतून चालले होते. शेजारीण धावत ओट्यावर आली आणि पडल्याच तर गारा काढायला थांबा म्हणाली. थोरला मान हलवत म्हणाला, "आधी ह्यांचा हिशेब मिटवा भाभी. न्हाईतर ह्या बाई म्हनतील, आमी तुमाला सामील हावोत."

म्हणजे माझा संशय त्याने ओळखला होता. मला लाज वाटली. पण त्याला आमची एवढी काळजी कशाला, हेही मनात आलेच.

ती दोन रुपये घेऊन आली. मी हात पदरातच ठेवला. तिने वर बघितले, दूर कुठेतरी गडगडले. ती घरात गेली आणि आणखी दोन घेऊन आली. चारही नोटा मी तिच्यासमोरच उजेडात धरून पाहिल्या. खऱ्या होत्या. पैसे पुरते फिटले.