बारा निरर्थक शब्द

मानसशास्त्राच्या प्राध्यापिकेला माणसाचं मन कळतं, असं लोकांना उगीचच वाटतं. मला कळली ती फक्त जर्नलं. ऐंशीच्या दशकात नवी मुंबईतल्या आमच्या नव्याकोऱ्या कॉलेजात दरवर्षी तेच प्रयोग व्हायचे आणि निष्कर्षही तेच यायचे, कारण मुलं गेल्या वर्षीच्या जर्नलमधून आकडे उतरवायची. हे मला ठाऊक होतं. आकडे पुस्तकाशी जुळले की मी सही ठोकून मोकळी होत असे.

शेवटच्या वर्षाला करावे गावची एक मुलगी होती. ‘पास झाले तर नोकरी, नाहीतर मे महिन्यात लग्न, असं घरी ठरलंय,’ हे तिनंच मला सांगितलं होतं. स्मरणाचा प्रयोग तिनं खरोखर केला. बारा निरर्थक शब्द ऐकवायचे आणि ते त्याच क्रमानं पाठ व्हायला किती फेऱ्या लागतात ते मोजायचं. त्यासाठी ती आईला घेऊन आली. आई मासे विकायची, लिहिता-वाचता येत नव्हतं. शिपायानं टोपली आत आणू दिली नाही, म्हणून ती एक डोळा दारावर ठेवूनच बसली. मुलीनं शब्द वाचले. लेम, झूप, टोग, खीब... दुसऱ्याच फेरीत बाईनं बाराच्या बारा म्हणून दाखवले. आमच्या मुलांना आठ-नऊ फेऱ्या लागायच्या. मी शेजारीच उभी होते, घड्याळ माझ्याच हातात होतं.

“कुनाला कुठली मच्छी पायजे ते रोज ध्यानात ठेवतेच की. त्यात काय हाय?” असं म्हणून ती दाराबाहेरची टोपली उचलून निघून गेली.

परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. तिच्या जर्नलमधलं या प्रयोगाचं पान पाहून त्यांनी चष्मा काढला. “अशिक्षित बाई, आणि दोन फेऱ्यांत? आकडे घरी बसून लिहिलेत ना?”

“नाही सर. मॅडम होत्या तिथं. त्यांना विचारा.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. जूनमध्ये माझी नोकरी कायम व्हायची होती आणि निवड समितीवर हेच गृहस्थ होते. मी म्हटलं, “मुलांच्या नोंदीत चुका होतात, सर.” त्यांनी पानावर लाल रेघ ओढली. मुलगी माझ्याकडे बघतच राहिली. मी पुढचं जर्नल उघडलं.

उतरवणारे सगळे पास झाले, ती एकटी प्रॅक्टिकलला नापास झाली. मे महिन्यात तिचं लग्न झालं. जूनमध्ये मी कायम झाले आणि स्टाफरूममध्ये पेढे वाटले. लाज मला तेव्हाही वाटली, पण पेढे वाटणं थांबवण्याइतकी नाही.

तीनेक वर्षांनी मासळी बाजारात एका पाटासमोर मी कोलंबी निवडत होते. पलीकडची बाई माझ्याकडे निरखून पाहत होती. एकाएकी ती सावकाश म्हणू लागली, “लेम, झूप, टोग, खीब...” बारावा शब्द होईपर्यंत ती कुठंही अडखळली नाही.

“बरोबर हायेत ना, बाय?”

“बरोबर आहेत,” मी म्हटलं.

“मग माजी पोर खोटी कशी ठरली?”

निवडलेली कोलंबी मी तिच्या पाटावर परत ठेवली आणि रिकामी पिशवी घेऊन घरी आले.