पाठीवर पिल्लं असलेली मादी

मंडळी, आज सकाळी शेंद्र्यात आमच्या बांधावर लांडगा कोळ्याची, म्हणजे जाळं न विणता पळत शिकार धरणाऱ्या कोळ्याची, मादी सापडली. डोळ्यांची ठेवण, पाठीवरचा फिकट पट्टा, सगळं नुकत्याच नोंदलेल्या नव्या जातीसारखं.

फोटो पाहून कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या मॅडम म्हणाल्या, "काका, पोटाखालचा भाग सूक्ष्मदर्शकातूनच बघावा लागतो. स्पिरिटमध्ये घालून आणा."

स्पिरिटची बाटली उघडली, तर बायको म्हणाली, "अहो, पट्टा हलतोय."

पट्टा कसला, पिल्लं होती ती, एकमेकांना बिलगलेली.

मॅडमना कळवलं. म्हणाल्या, "पिल्लं उतरू द्या, मग घाला."

बायको म्हणाली, "लेकरं उतरली की आई मारायची व्हय?"

कारखान्यासाठी बांध सपाट होणार आहे. ही तीच नवी जात असली, तर ती इथं होती एवढी नोंद तरी राहावी असं लई वाटतं. पण हात धजंना. तुम्ही काय केलं असतं?