ब्रेकमावशी आणि तिची सगळ्यात भित्री शिष्या

माझ्या आईच्या धाकट्या बहिणीला तिचे विद्यार्थी बाई म्हणतात आणि आम्ही घरातले ब्रेकमावशी. ती गाडी चालवायला शिकवते. शिकवणीच्या गाडीत दोन ब्रेक असतात, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक शेजारी बसणाऱ्या मावशीच्या पायाशी. वर्षानुवर्षं त्या दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवून बसल्याने ती कुठेही बसली तरी तिचा पाय कामावरच असतो. माझा नवरा सोफ्यावर बसून राजकारणावर जरा वेगात बोलायला लागला, की मावशीचा पाय खाली दाबला जातो.

ती आधी एका कचेरीत टायपिंग करायची. तिच्या नवऱ्याने, म्हणजे आमच्या काकांनी, तिला गाडी शिकवायला घेतली आणि शेजारी बसून इतकं ओरडले, की तिने गाडी सरळ शाळेच्या कुंपणात घातली. कुंपण आठवड्यात उभं राहिलं, मावशी काही उभी राहिली नाही. पुढे बरीच वर्षं ती रस्ता ओलांडतानासुद्धा त्या कुंपणाच्या बाजूने जात नसे. मग एकदा गुपचूप क्लास लावला, परीक्षेत नापास झाली, पुन्हा नापास झाली, आणि पास झाल्यावर नोकरी सोडून स्वतःच क्लास काढला. तिच्याकडे येतात ते बहुतेक एकदा आपटलेले लोक. ते जिथे आपटले तिथेच ती त्यांचा पहिला धडा घेते. गाडी उभी, इंजिन बंद. "बघा जागेकडे," ती म्हणते, "अंगावर धावून येतेय का?"

मला गाडी येत नाही, शिकायचीही नाही. तरी तिच्या आजवरच्या शिष्यांत सगळ्यात भित्री मीच, असं ती स्वतः सांगते.

थोरलीच्या वेळी माझं बाळंतपण बिघडलं होतं. रात्रभर कळा, मग अचानक खोलीत धावपळ. बाळाचे ठोके उतरले होते, ते ओढून काढावं लागलं. ते रडलं नाही. कुणीतरी त्याला घेऊन दाराबाहेर पळालं आणि मला रक्तस्राव सुरू झाला. त्या गडबडीत कुणीच मला काही बोललं नाही. माझ्याभोवती चार माणसं काम करत होती आणि मी छताकडे बघत मनाशी ठरवून टाकलं होतं, की बाळ गेलं. मुलगी ठणठणीत आहे हे मला दुपारी कळलं. आज ती भिंतीवर चित्रं काढते आणि विचारलं तर बाबांचं नाव सांगते. पण माझ्यातली कुणीतरी अजून त्या छताकडे बघत पडली होती.

दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा सगळ्यांना आनंद झाला. मलाही झाला, साधारण संध्याकाळपर्यंत. मी संख्याशास्त्र शिकलेली बाई. तसंच पुन्हा होण्याची शक्यता किती, हे मी कागदावर मांडून नवऱ्याला समजावलं. त्याची खात्री पटली. माझी नाही. भीती काही माझ्याबरोबर कॉलेजला आली नव्हती.

मी डॉक्टरबाईंकडे सरळ ऑपरेशन मागितलं.

"करता येईल," त्या म्हणाल्या. "पण तुम्हाला ऑपरेशन हवंय की बेशुद्धी?"

"बेशुद्धी," मी प्रामाणिकपणे म्हणाले.

"मग पंचाईत आहे. हल्ली कमरेखालचं फक्त बधिर करतो. तुम्ही जाग्याच असाल."

दुधाने तोंड पोळलेला ताक फुंकून पितो म्हणतात. इथे तर ताकाचं भांडंच कुणी हातात देईना. डॉक्टरबाई म्हणाल्या, "घाईने ठरवू नका. आधी वर जाऊन मागच्या वेळची ती बाळंतपणाची खोली एकदा बघून या." मी हो म्हणून निघाले, पहिल्या जिन्यावर चप्पल तुटल्याचं स्वतःलाच सांगितलं आणि धडधाकट चपलेने घरी परतले. पुढच्या खेपेला लिफ्ट बंद होती. म्हणजे चालू होती, पण माझ्यापुरती बंद.

नवऱ्याने मावशीला फोन केला. ती आली, चहा घेतला आणि म्हणाली, "चल, बस गाडीत."

"मावशी, मला गाडी नाही शिकायची."

"तुला कोण शिकवतंय? माझ्या गाडीला अब्रू आहे."

तिने दवाखान्यासमोर गाडी लावली, इंजिन बंद केलं आणि शेंगदाण्यांची पुडी काढली. आम्ही दाणे खाल्ले आणि परत आलो. पुढच्या वेळी गाडी फाटकाच्या आत लागली. त्यानंतर वर जिन्यापर्यंत गेलो. तिथे मी पायरीवर बसून रडले. मावशीने मला उठवलं नाही. पदराने वारा घालत म्हणाली, "माझा एक विद्यार्थी आहे, धिप्पाड पैलवान. त्याच्या पहिल्या धड्याला तो गाडीचं दारच उघडेना. तू निदान आत तरी आलीस."

"मग आता गाडी चालवतो का?"

"नाही. पण दार उघडतो."

खोली बघितली त्या दिवशी ती रिकामी होती. माझ्या आठवणीत ती एखाद्या सभागृहाएवढी होती. प्रत्यक्षात आमच्या स्वयंपाकघरापेक्षा थोडी मोठी. एक खाट, एक खुर्ची, खिडकीत कुणाचा तरी विसरलेला कंगवा. मी छताकडे बघितलं. तिथे पंखा होता. इतकी वर्षं ज्याला घाबरत होते त्या छताला पंखा आहे हेसुद्धा मला आठवत नव्हतं.

मावशी मात्र दारातच थांबली होती, पांढरीफटक. "मी आत येत नाही गं," ती म्हणाली, "मला रक्ताच्या विचारानेही भोवळ येते." मला भीती घालवायला शिकवणारी माझी गुरू ही अशी. पण त्यामुळे मला जरा बरं वाटलं, हे खोटं कशाला सांगू. खाली येऊन मी डॉक्टरबाईंना म्हणाले, ऑपरेशन नको, पण एक अट आहे. जे काही होईल ते मला त्या क्षणी सांगायचं. वाईट असलं तरी.

त्या म्हणाल्या, "सांगू. पण मग ऐकावं लागेल."

दिवस भरले आणि कळा सुरू झाल्या, तेव्हा नवरा कामासाठी परगावी गेला होता. थोरलीला शेजारणीकडे ठेवून मावशीने मला तिच्या गाडीत घातलं. मागच्या सीटवर तिची शिकवणीची सगळी सामग्री, म्हणून मी पुढे तिच्या शेजारी बसले. म्हणजे दुसऱ्या ब्रेकसमोर. हे दोघींच्याही लक्षात आलं नाही.

पहिली कळ चौकात आली. मी जीव एकवटून पाय रोवले आणि गाडी भर रस्त्यात थांबली.

"काय झालं गं गाडीला?" मावशी म्हणाली. मागून भोंगे वाजले. तिने पुन्हा सुरू केली. पुढची कळ, पुन्हा गचका. तिसऱ्या वेळी तिने खाली वाकून बघितलं.

"अगं बाई. ब्रेक तूच दाबतेस की."

"मग पाय कुठे ठेवू?"

"वर घे. मांडी घाल."

"मावशी, मला कळा येतायत. मांडी कशी घालू?"

मागचा एक गाडीवाला शेजारून जाताना गाडीवरची शिकाऊची पाटी बघून, पोट सावरत बसलेल्या माझ्याकडे बघून, फार समजुतीने म्हणाला, "शिकाल हो, हळूहळू." मला कळ आणि हसू एकदमच आलं. उरलेला रस्ता मी दोन्ही पाय समोर काचेखाली टेकवून गेले. इतक्या अशोभनीय अवस्थेत दवाखान्याच्या फाटकातून आत गेल्यावर घाबरायला वेळच उरला नाही. जिना कधी चढले तेही आठवत नाही.

खोलीत शिरल्यावर मात्र भीती आलीच. डॉक्टरबाईंनी शब्द पाळला. ठोके बघते, चांगले आहेत. आता जरा वेळ जाईल. आता हात लावते, गार लागेल. नर्सबाईंनी तर क्रिकेटसारखं समालोचन सुरू केलं. तासाभराने मीच ओरडले, "पुरे, एवढं सगळं नका सांगू."

"तुम्हीच म्हणाला होतात," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"मग फक्त महत्त्वाचं सांगा."

"महत्त्वाचं म्हणजे, आता जोर करा."

मी केला. पुन्हा केला. मग खोली क्षणभर शांत झाली आणि मला ती शांतता ओळखू आली. मी विचारलं, "रडत का नाही?"

मागच्या वेळी हे विचारायला तोंडच उघडलं नव्हतं.

"अहो, अजून खांदे आत आहेत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पूर्ण बाहेर तर येऊ दे त्याला. आणखी एकदा जोर."

मग तो आला. आला तोच तक्रार करत. कुणीही त्याला घेऊन पळालं नाही, ओला, ऊबदार, तसाच माझ्या छातीवर ठेवला. "रक्त?" मी विचारलं. "नेहमीइतकंच." थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. "नेहमीइतकंच," त्या न कंटाळता म्हणाल्या. तेव्हा कुठे मी रडायला लागले, हुंदके देत, सूर लावून, इतक्या मोठ्याने की माझा मुलगा स्वतःचं रडणं थांबवून माझ्याकडे टकमक बघू लागला.

नर्सबाई टॉवेल घेऊन उभ्या होत्या. त्यांनी त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि आधी माझं तोंड पुसलं.