रागानं राखलेले शेअर

आप्पासो हवालदारांसमोर कुणी शेअर बाजाराचं नाव काढायचं नाही, हे खंडाळा तालुक्यातल्या त्यांच्या गावात लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं. चुकून कुणी काढलंच, तर ते चहा अर्धा टाकून उठायचे. चौऱ्याण्णव साली फौजेतून सुटून आले, नंतर अठरा वर्षं साताऱ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या गेटवर उभे राहिले, पण एकदा हात पोळल्यावर पोस्टाच्या बचतीपलीकडे पैसा म्हणून कुठं गुंतवला नाही. बायको, मंगल, सहा वर्षांपूर्वी गेली. मुलगा राजवर्धन साताऱ्यात नोकरीला. सून संयोगिता एका कर सल्लागाराच्या ऑफिसात कामाला. तिनंच सासऱ्याला आग्रहानं साताऱ्याला आणलं.

डोळ्यांत मोतीबिंदू झाला, तेव्हा माजी सैनिकांच्या दवाखान्याचं कार्ड काढायचं ठरलं. त्यासाठी डिस्चार्ज बुक पाहिजे होतं. आप्पासोंची काळी फौजी ट्रंक संयोगितानं खोलीत मधोमध ओढली आणि एकेक कागद बाहेर काढायला लागली. डिस्चार्ज बुक सापडलं. त्याच्याखाली एक जाड, पिवळा पडलेला लिफाफा होता.

"आप्पा, हे काय?"

"टाक ती रद्दीत. लबाडाची कागदं हायत."

तीन कंपन्यांचे शेअर होते. सागवान लावणाऱ्या एका कंपनीचे, ॲल्युमिनियमच्या एका कंपनीचे, आणि त्या काळात नव्यानं निघालेल्या एका बँकेचे. पहिल्या दोन कंपन्यांचा मोबाईलवर मागमूससुद्धा लागेना. तिसरं नाव मात्र तिला शोधायची गरजच नव्हती. साताऱ्यात येता-जाता त्या बँकेची पाटी दिसायची.

त्या बँकेचे दोनशे शेअर होते, दहा रुपयांचा एक. संयोगितानं कागद-पेन घेतलं. मध्यंतरी बँकेनं दोनदा शेअरचे तुकडे केले होते, आधी एकाचे पाच, मग एकाचे दोन; पुढं एकास एक बोनसही दिला होता. दोनशेचे हजार झाले, हजाराचे दोन हजार, दोन हजारांचे चार हजार. तिनं त्या दिवसाचा भाव बघितला. पुन्हा बघितला. मग राजवर्धनला फोन करून म्हणाली, "तुम्ही जरा घरी येता का? नाही, आप्पा बरे आहेत. मलाच काही सुचेना झालंय."

"काय झालं काय?" आप्पासोंनी विचारलं.

"आप्पा, अडतीस लाख होतात याचे."

आप्पासो कॉटवर बसले होते, ते घसरून खाली फरशीवर बसले. अंगाला दरदरून घाम फुटला. संयोगितानं पाणी आणलं, ते त्यांनी बाजूला सारलं. आनंदबिनंद काही नव्हता तो. छातीवर कुणी गुडघा रोवावा तसं झालं होतं. मग ते एवढंच बोलले, "मंगलला थंडीतापात शेतावर धाडलं म्या, गं. आन् हे हितं पडलं हुतं?"

त्या रात्री जेवण गेलं नाही. सकाळी उठले ते म्हणाले, "मला सांगलीला जायचंय. धन्याकडं."

धन्या म्हणजे धन्यकुमार. आप्पासो मामाकडं राहून सांगलीत अकरावीपर्यंत शिकले, तेव्हाचा एकाच बाकावरचा दोस्त. पुढं तो हळदीच्या एका अडत्याकडं दिवाणजी झाला आणि जोडीला शेअरचे फॉर्म भरून द्यायला लागला. फौजेतून आलेल्या आप्पासोंना त्यानंच दहा हजार गुंतवायला लावले: दोन हजार बँकेत, आठ हजार बाकीच्या दोन कंपन्यांत. त्या दोन्ही तीन वर्षांत बुडाल्या. आप्पासो तडक सांगलीच्या मार्केट यार्डात गेले आणि भर सौद्यात, शंभर माणसांत, त्यांनी धन्यकुमारला चोर म्हटलं. आईवरून शिवी दिली. महिन्याभरात आठ हजारांची मनीऑर्डर आली. 'चोर न्हवता तर दिलं कशाला?' म्हणून त्यांनी ती फणकाऱ्यानं घेतली, बँकेच्यासकट सगळे कागद ट्रंकेच्या तळाला फेकले आणि त्या माणसाचं तोंड पुन्हा बघितलं नाही. सत्तावीस वर्षं.

साताऱ्याहून सांगलीच्या एसटीत संयोगिता त्यांच्या शेजारी होती. गावभागातल्या त्या घराचं दार धन्यकुमारची बायको चंदनबाला यांनी उघडलं. भिंतीचा आधार घेत, एकेक पाऊल मोजत त्या आल्या होत्या. गुडघे पार गेलेले. ओळख पटायला त्यांना वेळ लागला, पटल्यावर त्या आत वळून म्हणाल्या, "अवं, कोण आलंय बघा."

धन्यकुमार खुर्चीत पेपर वाचत होता. वाळला होता, पण नजर तीच. त्यानं पेपर खाली ठेवला. "बस," म्हणाला. 

आप्पासोंनी बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं, रिपोर्ट द्यावा तसं, उभ्यानं. आकडा ऐकून धन्यकुमारचे ओठ हलले.  मग म्हणाला, "टिकला म्हणायचा तुझा कागूद. बरं झालं."

"तुझे किती हायत, धन्या?"

त्यानं पेपर पुन्हा उचलला. चंदनबालाच बोलल्या. "ह्यांचे पण दोनशेच हुते, भावजी. तुमच्याबरुबरच घेतले हुते. तुमाला मनीऑर्डर केली ती ते इकूनच. आनकी दोघांचे पैसे बुडाले हुते, त्यांनाबी त्यातनंच भागवलं. कुनी मागायला आलं न्हवतं. ह्यांना झोप लागत न्हवती."

आदल्या दिवशी ट्रंकेपुढं बसला होता त्याच्या दहापट धक्का आप्पासोंना आता बसला. आपल्या शिवीची किंमत काय झाली हे त्यांना आकड्यासकट कळलं होतं.  सत्तर वर्षांचा तो फौजी माणूस दोन्ही हातांनी टोपी चुरगाळत लहान पोरासारखा हमसून रडायला लागला. संयोगितानं सासऱ्याला असं कधी बघितलं नव्हतं. मंगल गेली तेव्हासुद्धा नाही.

"निम्मं तुझं," शेवटी ते म्हणाले.

"एक पैसा नको. माझे म्या इकले. तुझे ऱ्हायले, ते काय अकलेनं ऱ्हायले व्हय? रागानं ऱ्हायले, गड्या. राग नसता तर दीडशे रुपयाला इकून म्हस घेतली असतीस."

"तुमी नगं म्हना," चंदनबाला मधेच म्हणाल्या, "मी कशाला म्हनू? भावजी, माझ्या दोनी गुडघ्यांचं आपरेशन करायचंय. मिरजेच्या डाक्टरनं चार वर्षांमागं सांगितलंय. ह्यांच्याकडनं हुयाचं न्हाई."

धन्यकुमार त्यांच्याकडं बघतच राहिला. त्या नजर न चुकवता उभ्या होत्या. भिंतीला धरून.

पैसे हातात यायला दीड वर्ष गेलं. फॉर्मवर आप्पासोंचा जुना फौजी पत्ताच पडला होता, लाभांशाची पत्रं तिकडं जाऊन परत फिरली होती, त्यामुळं शेअर सरकारच्या निधीत जमा झालेले. सही जुळेना, नावात 'आप्पासाहेब' का 'आप्पासो' याचा घोळ. संयोगितानं ऑफिसला रजा टाकटाकून ते सगळं निस्तरलं. शेअर खात्यावर आले त्याच आठवड्यात आप्पासोंनी पहिली विक्री केली.

मिरजेच्या दवाखान्यात ऑपरेशनच्या दिवशी दोघे दोस्त बाहेर बाकावर बसले होते.

"उरलेलं ठेवू का इकू?" आप्पासोंनी विचारलं.

"थोडं ठेव. सगळं एका बँकेवर टाकून बसू नको. तीन कागदांतले दोन बुडालेच की. तिसरा बुडनार न्हाई, हे तवा मला तरी कुठं ठावं हुतं?"

आप्पासो उठून दोघांसाठी चहा घेऊन आले.

तिसऱ्या दिवशी नर्सनं चंदनबालांना वॉकर धरून खोलीबाहेर आणलं. चेहरा दुखण्यानं आक्रसलेला, पण पाऊल पडत होतं. दोघे म्हातारे वाटेतच बाकावर पाय पसरून बसले होते.

"बघत काय बसलाय?" त्या कडाडल्या. "पाय घ्या मागं. जाऊ द्या मला."